चांगले यंत्र, साधे यंत्र आणि वरचे पैसे

बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम हे गाव ओळखले जाते ते शुकदास महाराजांनी स्थापन केलेल्या विवेकानंद आश्रमामुळे. आश्रमाच्या आधाराने येथे शिक्षणसंस्था वाढल्या आणि त्यांच्याबरोबर शिक्षकांची वस्तीही वाढली. अशा गावात सुटीच्या दिवशी चार शिक्षक एका ओट्यावर बसले की गप्पा वेतनश्रेणीपासून सुरू होतात आणि कोठेही जाऊन पोहोचतात. गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही तेथे एका शिक्षकमित्राकडे उतरलो होतो, तेव्हा त्या लॅपटॉपवर जाऊन पोहोचल्या.

आमचे मित्र विज्ञान शिकवतात. करोनाच्या काळात ते पाठांच्या चित्रफिती तयार करायला शिकले आणि त्या उत्साहात २०२२ मध्ये त्यांनी पदरचे एक लाख रुपये घालून एक उत्तम लॅपटॉप घेतला. भरपूर स्मृती, वेगवान प्रोसेसर, चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड, असे सगळे त्यात होते. आता मेहकरच्या एका परिचिताने त्यांच्यापुढे देवघेव ठेवली होती. तो लॅपटॉप द्यावा. बदल्यात बत्तीस हजारांचा नवा, साधा लॅपटॉप घ्यावा आणि वर रोख वीस हजार घ्यावेत. मित्र आठवडाभर विचारात पडले होते. द्यावा की नाही?

ओट्यावर लगेच दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे, ‘‘सर, लाखाची वस्तू बावन्न हजारांत घालवता? अठ्ठेचाळीस हजारांचा तोटा झाला की हा!’’ दुसऱ्याचे म्हणणे उलट होते. ‘‘या वस्तूची किंमत रोज उतरते. आज वीस हजार वर मिळतात, पुढच्या दिवाळीला कोणी दहाही देणार नाही. देऊन टाका.’’ मित्राचे वडील इतका वेळ सुपारी कातरत ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर शेती केली. ते म्हणाले, ‘‘बैलबाजारात आम्ही दुसरं काय करत होतो? भारी जोडी द्याची, हलकी घ्याची, वर पैसे घ्याचे. पण आधी आपलं वावर पाहाचं. मंग बैल.’’

आम्हाला वाटते, त्या ओट्यावरचे सर्वांत शास्त्रीय वाक्य हेच होते. यंत्र मोठे की लहान हा प्रश्न घरोघर पडतो, तसाच तो मोठमोठ्या संस्थांना आणि देशांनाही पडलेला आहे. भारतातील संगणकाचा इतिहास या प्रश्नाच्या अंगाने वाचला, तर आमच्या मित्राला आणि वर्गातल्या मुलांनाही उपयोगी पडेल असे बरेच काही त्यात सापडते.

बैलाचे दात आणि संगणकाचे वय

प्रथम बैलबाजाराचाच धडा पाहू. बाजारात बैलाचे वय दातांवरून ओळखतात. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी आठही दात आलेला, म्हणजे जुळलेला. गोऱ्हा दोन दाती होतो तेव्हा त्याची किंमत चढू लागते, जुळेपर्यंत आणि पुढे काही वर्षे ती टिकते, नंतर उतरते. बैल वाढतो, कामाला शिकतो, जोडीदाराशी जुळतो. म्हणून त्याच्या किमतीला आधी चढण आहे, मग उतार.

संगणकाच्या किमतीला चढणच नाही. पहिल्या दिवसापासून उतारच आहे, आणि तो यंत्र झिजल्यामुळे असतो असेही नाही. मित्राचा लॅपटॉप २०२२ मध्ये जितक्या वेगाने गणिते करीत होता, तितक्याच वेगाने तो आजही करतो. बदलले आहे ते भोवतालचे जग. एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला होता. पुढे काही दशके तो बऱ्याच अंशी खरा ठरला. तेवढ्याच पैशांत नवे यंत्र अधिक काम देते, म्हणून जुने स्वस्त होते.

आयकराच्या हिशेबातही ही गोष्ट मान्य केलेली आहे. व्यवसायात वापरलेल्या संगणकावर २०१७ च्या आधी वर्षाला ६० टक्के घसारा धरला जाई. त्यानंतर हा दर ४० टक्क्यांवर आला. ४० टक्क्यांनी हिशेब केला, तर एक लाखाच्या यंत्राची कागदावरची किंमत एका वर्षाने ६०,०००, दुसऱ्याने ३६,००० आणि तिसऱ्याने २१,६०० रुपये राहते. बाजारातली किंमत याहून वेगळी असू शकते, पण दिशा तीच. म्हणजे पहिल्या पक्षाचा ‘अठ्ठेचाळीस हजारांचा तोटा’ हा या व्यवहारात होणारा तोटा नाहीच. तो तीन वर्षांत, रोज थोडाथोडा, आधीच होऊन गेलेला आहे. व्यवहार केला तरी तो भरून येत नाही आणि न केला तरी येत नाही. निर्णय घेताना एक लाख हा आकडा पाटीवरून पुसूनच टाकायला हवा. पाटीवर एका बाजूला हातातले यंत्र राहते आणि दुसऱ्या बाजूला साधे यंत्र अधिक वीस हजार रुपये. तुलना फक्त या दोहोंची.

मात्र दुसऱ्या पक्षाचे म्हणणेही अर्धेच खरे आहे. किंमत उतरते म्हणून विकावे हा नियम धरला, तर कोणतेच यंत्र एक दिवसही जवळ ठेवता येणार नाही. यंत्र घेतात ते कामासाठी. तेव्हा काम कोणते, हे विचारावेच लागते.

मुंबईतील दोन यंत्रे

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकात काही तरुण मंडळींनी एक संगणक स्वतः बांधायला घेतला. आर. नरसिंहन हे त्या गटाचे प्रमुख. १९६० च्या सुरुवातीस तो पूर्ण स्वरूपात चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण झाले. त्याच्या मुख्य स्मृतीत २,०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा होता. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट होतात. आपण वाचत आहात तो हा लेखही त्या स्मृतीत मावला नसता. तरीही शास्त्रज्ञांनी त्यावर खरी गणिते सोडवली, आणि बांधणाऱ्यांना संगणक आतून कळला तो निराळाच लाभ.

पण कामे वाढली आणि टिफरॅक अपुरा पडू लागला. १९६४ मध्ये संस्थेत अमेरिकी मदतीतून सीडीसी ३६०० हे त्या काळचे खरोखर मोठे यंत्र आले आणि टिफरॅक लवकरच निवृत्त झाला. येथे साधे सोडून भारी घेणे योग्य ठरले. का? कारण ते यंत्र एका संस्थेपुरते राहिले नाही. देशातील अनेक विद्यापीठांचे व प्रयोगशाळांचे संशोधक आपापले छिद्रित कार्डांचे गठ्ठे घेऊन तेथे येत. राष्ट्रीय संगणन केंद्र म्हणून ते वापरले गेले. भारी जोडी परवडते ती अशी. एकाच्या पाच एकरांत ती अर्धा दिवस गोठ्यात उभी राहते, दहा जणांच्या वावरांत रोज चालते.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडत होती. आयबीएम कंपनीचा १४०१ हा संगणक १९५९ मध्ये जाहीर झाला आणि १९६० च्या दशकात तो भारतातील अनेक कार्यालयांत आला. ही यंत्रे विकत मिळत नसत, भाड्याने मिळत. १९६४ मध्ये कंपनीने सिस्टिम ३६० ही पुढची मालिका जाहीर केली. परदेशात जुनी १४०१ यंत्रे काढून टाकली जाऊ लागली. त्यांतील बरीच दुरुस्त करून भारतात भाड्याने दिली गेली. १९७० च्या दशकातही ती आपल्याकडे चालू होती. जेथे उतार सर्वांत वेगाचा, त्या वस्तूचे भाडे मात्र येथे त्या वेगाने उतरले नाही, यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली. परकीय भांडवलाच्या कायद्यावरून सरकारशी मतभेद होऊन १९७८ मध्ये कंपनी भारतातून बाहेर पडली.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मुद्दा स्पष्ट होतो. १४०१ हे वाईट यंत्र नव्हते. पगारपत्रके आणि हिशेब ते नीट करीत असे. पण घेणाऱ्याला बाजारभाव माहीत नसला किंवा दुसरीकडे जायला वाट नसली, तर साध्या यंत्राचीही भारी किंमत मोजावी लागते. म्हणून देवघेवीत साधे यंत्र घेताना ते ‘बत्तीस हजारांचे’ आहे हे समोरच्याच्या तोंडून न घेता स्वतः दुकानात जाऊन विचारावे. बैलाचे दात आपण स्वतः पाहतो, विकणाऱ्याला विचारत नाही.

चोवीस मागितले, चौदा मिळाले

आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रसंगाकडे येऊ. १९८७ साली देशात मोठा दुष्काळ पडला. मॉन्सूनचा तीन ते दहा दिवस आधीचा अंदाज हाती आला, तर पेरणी केव्हा करावी आणि फवारणी केव्हा टाळावी हे शेतकऱ्याला सांगता येईल, ही गरज त्याच्या आधीपासूनच जाणवत होती. असा अंदाज काढायचा, तर पृथ्वीभोवतीच्या वातावरणाचे चौकटी-चौकटींत भाग पाडून प्रत्येक चौकटीतील दाब, तापमान, वारा आणि बाष्प यांची समीकरणे पुन्हापुन्हा सोडवावी लागतात. उद्याचा अंदाज परवा मिळून उपयोग नाही. त्यामुळे येथे वेग ही चैन नव्हती.

असे काम करणारी यंत्रे तेव्हा प्रामुख्याने अमेरिकेत बनत, आणि क्रे हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. भारताने क्रे एक्स-एमपी/२४ हे यंत्र मागितले. या आकड्याचा अर्थ मुलांना सांगण्यासारखा आहे. पहिला अंक प्रोसेसरांची संख्या दाखवतो आणि दुसरा स्मृती किती दशलक्ष शब्दांची, हे. म्हणजे २४ याचा अर्थ दोन प्रोसेसर आणि चाळीस लाख शब्द. चोवीस असा त्याचा अर्थ नाही. एक शब्द ६४ बिटांचा, म्हणजे ८ बाइटांचा. तेव्हा स्मृती झाली सुमारे ३२ मेगाबाइट. आजच्या साध्या मोबाइल फोनमध्येही याच्या शंभर पट स्मृती असते. मूर यांचा उतार किती तीव्र आहे हे यावरून कळावे.

अशा यंत्रांवर अण्वस्त्रांची व क्षेपणास्त्रांचीही गणिते करता येतात, म्हणून त्यांच्या निर्यातीवर अमेरिकेचे कडक निर्बंध होते. बऱ्याच वाटाघाटींनंतर २४ ऐवजी एक्स-एमपी/१४ देऊ केले गेले. प्रोसेसर एकच, आणि वापर हवामानाच्या कामापुरता. भारताने ते स्वीकारले. मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजासाठी १९८८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले होते. तेथे हे यंत्र चालू झाले आणि त्यावर अंदाजाचे काम सुरू झाले. मागितलेल्यापेक्षा कमी मिळाले, म्हणून ते नाकारून बसण्यात काही अर्थ नव्हता. ठरलेले काम त्यावर होत होते.

पण बाकीच्या कामांचे काय? येथे देशाने दुसरा निर्णय घेतला. १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. त्याचे संस्थापक-संचालक डॉ. विजय भटकर हे आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे आणि नागपूरच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. मुदत तीन वर्षांची होती आणि खर्च तीस ते चाळीस कोटी रुपयांच्या दरम्यानचा. क्रेसारखा एक अतिवेगवान प्रोसेसर बनवणे आपल्याला शक्य नव्हते. बाजारात सहज मिळणारे साधे प्रोसेसर मात्र आणता येत होते. ब्रिटनमधील इनमॉस कंपनी ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर बनवत असे. शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी प्रत्येकाला चार जोडण्या दिलेल्या असत. सी-डॅकने त्यांतील टी-८०० हा घेतला. एकट्या टी-८०० चा वेग क्रेच्या एका प्रोसेसरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास होता. असे ६४ प्रोसेसर एकमेकांना जोडून १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. ‘परम’ हा मराठी माणसाला लगेच कळणारा शब्द इंग्रजीतील ‘समांतर यंत्र’ या अर्थाच्या शब्दांच्या आद्याक्षरांतूनही साधला होता. याच सुमारास मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ आणि त्याआधी बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘फ्लोसॉल्व्हर’ ही समांतर यंत्रे बांधली होती.

पंगत आणि समांतर गणन

अनेक मंद प्रोसेसर मिळून एका वेगवान प्रोसेसराचे काम कसे करतात, हे हिवरा आश्रमात वेगळे समजावून सांगावे लागत नाही. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात तेथे पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. मैदानात ओळींनी पंगती बसतात. लाखोंच्या गर्दीला एक वाढपी वाढू लागला, तर तो कितीही चपळ असला तरी पहिल्या ओळीचे हात वाळून जातील. म्हणून स्वयंसेवक ओळी वाटून घेतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुऱ्या आणि भाजी ओळींपर्यंत पोहोचते आणि सगळीकडे एकदम वाढप चालते. प्रत्येक वाढपी साधाच असतो. वेग असतो तो वाटणीत.

पण याच पंगतीत समांतर गणनाची मर्यादाही दिसते. वांगी चिरायला शंभर हात लावता येतात. कढईतले तेल तापायला मात्र लागणारा वेळ लागतोच. सगळ्यांना वाढून होईपर्यंत कोणी जेवायला सुरुवात करायची नाही असा नियम असेल, तर सर्वांत मागच्या ओळीचा वाढपी सर्वांचा वेग ठरवतो. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये हीच गोष्ट गणितात मांडली. कामाचा जो भाग वाटून करता येत नाही, त्याचे प्रमाण ‘क’ मानू. प्रोसेसरांची संख्या ‘न’ असेल, तर काम जास्तीत जास्त किती पट वेगाने होईल ते असे काढतात: क मध्ये (१ − क) ÷ न मिळवायचे आणि १ ला त्या बेरजेने भागायचे.

न = ६४ धरून वर्गात हे करून पाहावे. वाटता न येणारा भाग मुळीच नसेल, तर वेग ६४ पट. तो केवळ १ टक्का असेल, तर वेग सुमारे ३९ पट. आणि १० टक्के असेल, तर जेमतेम ८.८ पट! १० टक्के असताना प्रोसेसर कितीही वाढवले, अगदी लाख जोडले, तरी १० पटीच्या पुढे जाता येत नाही. मुलांना हे उत्तर प्रथम खोटे वाटते. म्हणूनच ते त्यांना स्वतःच काढू द्यावे.

म्हणजे साधी यंत्रे अधिक उरलेले पैसे हा सौदा फुकटचा नव्हता. क्रेसाठी लिहिलेले गणित परमवर तसेच्या तसे चालत नसे. ते उलगडून, वाटण्या करून, पुन्हा लिहावे लागे. हवामानाचे प्रतिरूप समांतर यंत्रांवर बसवण्याचे प्रयत्न १९९० च्या दशकात देशातील अनेक गटांनी केले, आणि ते काम कष्टाचे होते. वाचलेला पैसा यंत्रात न जाता माणसांच्या शिकण्यात गेला, असे म्हणता येईल. पण तोच खर्च पुढे कामाला आला. २००३ मध्ये सी-डॅकचा परम पद्म जगातील पहिल्या पाचशे संगणकांच्या यादीत आला. २००७ मध्ये पुण्यातच टाटा समूहाच्या संगणन प्रयोगशाळेने उभारलेला ‘एका’ हा त्या यादीत चौथ्या क्रमांकावर पोहोचला. आज जगातील सर्वच महासंगणक हजारो प्रोसेसर जोडून बनवलेले असतात. एकट्या अतिवेगवान प्रोसेसराचे युग संपले आहे.

खैराटची शाळा

साध्या यंत्राची बाजू इतकी मांडल्यावर तिचा दुसरा पैलूही सांगायला हवा. अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना मांडली. उन्हातही वाचता येईल असा पडदा, कमी वीज, मजबूत बांधणी अशी त्याची रचना होती. प्रत्यक्षात किंमत शंभर डॉलरच्या बरीच वर गेली. भारत सरकारने ही योजना स्वीकारली नाही, पण २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एका लहानशा शाळेत हे लॅपटॉप देऊन प्रयोग करण्यात आला. एकशिक्षकी शाळा आणि वीस-बावीस मुले. मुलांनी ते यंत्र चटकन आपलेसे केले. मात्र वर्गभर यंत्रे रोज चालवायची, तर चार्जिंगची सोय, दुरुस्ती, मराठीतील मजकूर आणि शिक्षकाला लागणारा वेळ हे सगळे यंत्राच्या किमतीबाहेरचे खर्च असतात. यंत्र स्वस्त केले म्हणजे शिकणे स्वस्त होत नाही. वाचलेले पैसे जर या गोष्टींकडे गेले नाहीत, तर ते वाचलेच नाहीत असे समजावे.

पुन्हा ओट्यावर

हे सर्व बोलून झाल्यावर आम्ही मित्राला म्हणालो, आता आपले वावर पाहू. एका कागदावर लॅपटॉपवर होणारी कामे लिहून काढली. पाठांच्या चित्रफिती ते दीड वर्षात बनवू शकले नव्हते. प्रश्नपत्रिका, निकालपत्रके आणि वर्गात भिंतीवर चित्रे दाखवणे ही रोजची कामे. चौथे काम मात्र वेगळे होते. अकरावीची काही मुले उपग्रहाच्या चित्रांवरून लोणार सरोवराच्या पाण्याची कड दरवर्षी किती सरकते ते पाहत होती. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हापासून मुलांना त्याची गोडी लागली होती. हे काम साध्या लॅपटॉपवर होणार नाही, अशी मित्राची खात्री होती.

आम्ही हिशेब केला. युरोपीय सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरच्या १० मीटर लांब व १० मीटर रुंद चौकोनाएवढा असतो. चित्राचा पूर्ण तुकडा सुमारे ११० किलोमीटर लांब-रुंद, म्हणजे एका बाजूला १०,९८० ठिपके. एकूण बारा कोटींच्या वर. मुले दर वेळी तो संपूर्ण तुकडा उघडून त्यावर गणित चालवत होती. पण लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे, म्हणजे अवघे १८० ठिपके रुंद! २०० गुणिले २०० ठिपक्यांची चौकट कापून घेतली, तरी काम ४०,००० ठिपक्यांवर येते, पूर्वीच्या सुमारे तीन हजाराव्या हिश्श्यावर. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिक्षिकाबाईंचा जुना, साधा लॅपटॉप मागून आणला आणि आधी चौकट कापून मग गणित लावले. चहा येण्याच्या आत ते संपले. भारी यंत्राने मुलांची एक चूक तीन वर्षे झाकून ठेवली होती.

मग कामाची अडचण खरी होती कोठे? मित्र थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘वीज. तास सुरू असताना वीज गेली की प्रक्षेपक बंद. लॅपटॉप लाखाचा असो की बत्तीस हजारांचा, भिंत कोरीच राहते.’’ वाटता न येणारा भाग सापडला होता. वीस हजारांत एक इन्व्हर्टर आणि बॅटरी बसत होती.

व्यवहार झाला. त्याआधी मित्राने नव्या लॅपटॉपची दुकानातील किंमत विचारली, पुढे स्मृती वाढवता येते का ते पाहिले, बॅटरी आणि हमीपत्र तपासले, आणि जुन्यातील मुलांचे गुण, फोटो व स्वतःची कागदपत्रे काढून तो पूर्ण पुसून दिला.

आमचा हिशेब येथे बिनचूक सुटला असे लिहायला आम्हाला आवडले असते. पण एक बाकी उरली. त्या मुलांतील एकाने लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचे मोबाइलवर तीनशेच्या वर फोटो काढले होते. त्यांवरून मंदिराची त्रिमितीय प्रतिकृती बनवण्याचा त्याचा खटाटोप चालू होता. हे काम खरोखर भारी आहे. त्याला वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते आणि येथे चौकट कापून भागत नाही. लॅपटॉप गेला त्या दिवशी तो मुलगा काही बोलला नाही, फक्त फोटो आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. मित्राला ते फार लागले. त्यांनी दोन-तीन ठिकाणी फोन केले. जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तसे यंत्र होते आणि रात्री ते रिकामेच असते, असे कळले. साठ वर्षांपूर्वी संशोधक कार्डांचे गठ्ठे घेऊन मुंबईला जात, तसा तो मुलगा आता दर शनिवारी पेन ड्राइव्ह खिशात टाकून एस. टी. ने जातो आणि रविवारी परत येतो. प्रतिकृतीत अजून शिखराची एक बाजू यायची आहे.

शाळेत मात्र परवा सहाव्या तासाला वीज गेली, आणि भिंतीवरचे चित्र तसेच राहिले.